लॅपटॉपचा कीबोर्ड आणि टचपॅड एकाच वेळी बंद पडले, तर दोष कुठे शोधायचा?

विंडोज 11 च्या अपडेटनंतर कीबोर्ड आणि टचपॅड दोन्ही एकदम बंद, यूएसबी माऊस मात्र चालतो, आणि दुकानदार कीबोर्ड बदला म्हणतोय, असं तुम्ही लिहिलं आहे. इतक्यात कीबोर्ड विकत घेऊ नका. बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये आतला कीबोर्ड मदरबोर्डवरच्या एम्बेडेड कंट्रोलरला (कीबोर्ड, पॉवर बटण वगैरे सांभाळणारी छोटी चिप) जोडलेला असतो आणि विंडोजला तो पीएस/2 या जुन्या जोडणीच्या पद्धतीचा दिसतो. आजकालचे टचपॅड सहसा आय-टू-सी या वेगळ्या जोडणीच्या वाटेने येतात. दोन्ही वाटा एका क्षणी बंद झाल्या, तर दोष दोघांच्या सामाईक जागी असण्याची शक्यता जास्त.

आधी हे विंडोजचं दुखणं आहे की हार्डवेअरचं, ते ठरवा. माऊसने रीस्टार्ट करा. शट डाउन नको, कारण फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू करणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हरची, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, बिघडलेली अवस्था डिस्कवर साठवून पुन्हा तीच उचलली जाते. लोगो येताच आतल्याच कीबोर्डवरचं बायोसचं (विंडोजच्या आधी चालणाऱ्या सेटिंग्जचं) बटण दाबत राहा: डेल, एसर, आसुसवर सहसा एफ2, एचपीवर एस्केप आणि मग एफ10, थिंकपॅडवर एफ1. बायोस उघडलं आणि बाणांची बटणं चालली, तर कीबोर्ड, त्याची रिबन (मदरबोर्डला जोडणारी चपटी केबल) आणि एम्बेडेड कंट्रोलर ठीक आहेत. टचपॅड तिथे हलला नाही तरी काही ठरवू नका, अनेक बायोसमध्ये तो चालतच नाही.

कीबोर्ड बायोसमध्ये चालतो आणि विंडोजमध्ये नाही, असं असेल तर स्टार्टवर राइट-क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. टायपिंगसाठी सेटिंग्जच्या अॅक्सेसिबिलिटीमधला ऑन-स्क्रीन कीबोर्ड सुरू करा. कीबोर्डच्या नोंदीवर पिवळं चिन्ह असेल तर ती अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा. इंटेलच्या मशीनवर सिस्टम डिव्हाइसेसमध्ये ‘सीरियल आयओ आय-टू-सी’ ही नोंदही बघा. लोक टचपॅडचा ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसतात, पण टचपॅड ज्यातून जोडला जातो त्या या आय-टू-सी कंट्रोलरवरच पिवळं चिन्ह असेल तर त्याचा काही उपयोग नाही. कंपनीच्या साइटवर तुमचं मॉडेल टाकून चिपसेट आणि सीरियल आयओचे ड्रायव्हर घ्या. तेवढ्याने भागलं नाही, तर विंडोज अपडेटच्या अपडेट हिस्टरीतून शेवटचं अपडेट काढून बघा.

स्क्रीन पूर्ण मागे वळणारा लॅपटॉप असेल तर आणखी एक शक्यता. स्क्रीन मागे दुमडली आहे असा सेन्सरचा समज झाला की टॅब्लेट मोडमध्ये कीबोर्ड आणि टचपॅड दोन्ही मुद्दाम बंद केले जातात. हे सेन्सर अनेकदा चुंबकावर चालतात, त्यामुळे लॅपटॉपखालचं चुंबकी कव्हर किंवा शेजारी ठेवलेला दुसरा लॅपटॉपही पुरतो. ते बाजूला करा, स्क्रीन एकदा पूर्ण मागे नेऊन परत आणा.

बायोसमध्येही बटणं चालत नसतील तर एम्बेडेड कंट्रोलर अडकला असू शकतो. लॅपटॉप बंद करून चार्जर काढा, पॉवर बटण 30 सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून सुरू करा. फरक नाही पडला तर मागचं झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर सोडवा आणि तेच पुन्हा करा. काही थिंकपॅडच्या पाठीवर यासाठी बारीक रिसेटचं भोक असतं. चार्जर काढून त्यात सरळ केलेली पेपरक्लिप दाबायची. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा आणि यूएसबी कीबोर्ड जवळ असू द्या, कारण ती की टाइप करावी लागू शकते.

झाकण उघडलंच आहे तर बॅटरी बघा. टचपॅड वर आला असेल, क्लिक घट्ट झाला असेल किंवा सपाट टेबलावर लॅपटॉप डुलत असेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. फुगलेली बॅटरी दाबू किंवा टोचू नका, चार्जिंग थांबवा आणि बदलून घ्या.

बॅटरी ठीक असेल तर तिचा कनेक्टर काढलेलाच ठेवून कीबोर्डची रिबन सोडवा. सॉकेटची बारीक पट्टी नखाने उचलायची, रिबन सरळ बाहेर घ्यायची. पट्टी न उचलता रिबन ओढली तर सॉकेट तुटू शकतं. मग बॅटरी जोडून लॅपटॉप सुरू करा. टचपॅड परत आला, तर कीबोर्डमध्येच शॉर्ट आहे, बहुधा पाणी किंवा चहा सांडल्यामुळे, आणि आता कीबोर्ड बदलणं योग्य. तरीही टचपॅड मेलेलाच राहिला, तर रिबन परत नीट बसवा आणि लॅपटॉप बोर्डदुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. एम्बेडेड कंट्रोलर आणि त्याचा वीजपुरवठा तपासा, असं त्याला स्पष्ट सांगा.