‘घुसखोर’ कोणाला म्हणायचं? आणि ‘अंमली’वर टिंब का?

ह्यूस्टनहून एका ताईंचा प्रश्न आलाय. तिथल्या मराठी मुलांसाठी वादविवाद ठेवायचा आहे आणि टेक्सासमध्येच राहतो म्हटल्यावर विषय मेक्सिकोच्या सीमेचा घेतला. पत्रकावर लिहिलं, ‘सीमासुरक्षा, घुसखोरी आणि अंमली पदार्थांचा हिंसाचार’. छापायला द्यायच्या आधी एका काकांनी ‘घुसखोरी’वर बोट ठेवलं : हा शब्द वादाआधीच निकाल देतो. त्यावर दुसरे काका म्हणाले, मग काय ‘पाहुणे’ लिहायचं? ताई विचारतात की नेमका मराठी शब्द कोणता. आणि जाता जाता, ‘अमली’ बरोबर की ‘अंमली’?

जाता जाता विचारलेला प्रश्न मला जास्त आवडला, म्हणून तो मागे ठेवतो. आधी घुसखोर.

या शब्दातलं ‘घुस’ म्हणजे घुसणे. घरांच्या पायाला भोकं पाडणाऱ्या घुशीशी त्याचा संबंध लावायचा मोह होतो, पण तो सोडून द्यावा. हिंदीतल्या ‘घूस’शी, म्हणजे लाचेशी, तर अजिबातच नाही. हिंदीत ‘घूसखोर’ म्हणजे आपला लाचखोर, आणि आपल्या घुसखोराला तिकडे ‘घुसपैठिया’ म्हणतात. हिंदी बातमी घाईत मराठीत आणताना यावर पाय घसरू शकतो, एवढं लक्षात ठेवा.

खरी गंमत ‘खोर’मध्ये आहे. फारसीत ‘खुर्दन’ म्हणजे खाणे, त्यातून खोर म्हणजे खाणारा. लाचखोर लाच खातो, हरामखोर हरामाचं खातो, इथपर्यंत अर्थ शब्दशः लागतो. मराठीत आल्यावर मात्र या प्रत्ययानं खाणं सोडलं आणि तो खोडीचा, वाईट वृत्तीचा झाला. भांडखोर भांडण खात नाही, चहाडखोर चहाडी खात नाही; ते त्यांच्या अंगात असतं. दगाखोर, नफेखोर, दंगेखोर, टवाळखोर ही सगळी एकाच पंगतीतली मंडळी. ‘दानखोर’ किंवा ‘मदतखोर’ कुणी म्हणत नाही. ‘थट्टेखोर’ तेवढा लाडका अपवाद. कुणी म्हणेल, हल्लेखोर एकदाच हल्ला करतो, त्यात वृत्ती कुठली? मान्य. पण तिथंही हेतू वैराचाच असतो. खोर लागला की माणसानं काय केलं यापेक्षा तो कसा आहे हे सांगून होतं. ‘घुसलेला’ आणि ‘घुसखोर’ यांत हाच फरक आहे.

शिवाय हा शब्द आपल्याकडे कुठे कुठे राहून आलाय तेही पाहा. १९९९ साली कारगिलच्या शिखरांवर बसलेल्या बंदूकधाऱ्यांना आपण घुसखोर म्हणत होतो. मुंबईच्या बांधकामावर पकडलेल्या बांगलादेशी मजुरालाही वर्तमानपत्रं तोच शब्द लावतात. बायकांच्या डब्यात चढलेले पुरुष, रांगेत मधेच शिरणारा शहाणा, हेही घुसखोरच. तोफगोळे डागणाऱ्यापासून कोपर मारून पुढे जाणाऱ्यापर्यंत एकच शब्द. त्यामुळे तो मेक्सिकोच्या सीमेवर नेला की यातला कोणता अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात उभा राहील याची खात्री नाही, आणि वादविवादात बोलणाऱ्याला हीच संदिग्धता सोयीची असते.

तिथल्या राजकारणात नेमका हाच झगडा आहे. २० जानेवारी २०२५ ला, पदावर आल्याच दिवशी, ट्रम्प यांनी काढलेल्या एका घोषणेत दक्षिण सीमेवरच्या परिस्थितीसाठी ‘इन्व्हेजन’ हा शब्द आहे. तो तिथं अलंकार म्हणून आलेला नाही. अशा आक्रमणापासून राज्यांचं रक्षण करायचं बंधन अमेरिकेच्या संविधानानं केंद्रावर टाकलंय, त्या कलमाला हात घालण्यासाठी तो शब्द लागतो. मराठीत त्याला आक्रमण म्हणावं लागेल; जुन्या बखरींच्या भाषेत परचक्र. काम शोधत नदी ओलांडणाऱ्याला परचक्र म्हणायचं का, हा वादाचा विषय झाला. तेव्हा पहिल्या काकांचं बरोबर आहे : पत्रकावर घुसखोरी लिहिलीत, तर एका बाजूच्या मुलांना चार गुण आधीच दिल्यासारखं होईल.

पण दुसऱ्या काकांचा टोमणाही उडवून लावण्यासारखा नाही. नुसतं ‘स्थलांतर’ लिहिलं तर कायदा मोडलाय ही गोष्टच गायब होते. विदर्भातून पुण्याला आलेला अभियंता स्थलांतरित, ऊसतोडीला गेलेलं कुटुंब स्थलांतरित, आणि तुम्ही ह्यूस्टनला गेलात तेही स्थलांतरच. (‘प्रवासी’ तर मुळीच नको. हिंदीत ‘प्रवासी मजदूर’ म्हणजे स्थलांतरित मजूर. मराठीत प्रवासी म्हणजे एसटीत बसलेला माणूस. २०२० च्या टाळेबंदीत हा घोळ मी पुष्कळ वाचला.)

मग ‘निर्वासित’? त्या शब्दाचं रूप बघा, ते कर्मणी आहे : ज्याला वस्तीतून बाहेर काढलं गेलं तो. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेले सिंधी लोक निर्वासित होते. तिथंच पुढं उल्हासनगर झालं. जीव वाचवायला मध्य अमेरिकेतल्या होंडुरासमधून पळालेल्या आईला तो शब्द लागू पडेल, डॅलसमध्ये छपराचं काम मिळतं म्हणून आलेल्या तरुणाला नाही. आणि तिचा अर्ज मंजूर होईपर्यंत तीही कायद्याच्या भाषेत आश्रय मागणारीच, म्हणून ‘आश्रयार्थी’ हा वेगळा शब्द हाताशी ठेवावा.

उरतं ‘बेकायदा स्थलांतरित’. इंग्रजीत यावर मोठं रण माजलं. माणूस कधी बेकायदा नसतो, कृती बेकायदा असते, असा आक्षेप होता आणि एप्रिल २०१३ मध्ये असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेनं आपल्या शैलीपुस्तिकेतून ‘इल्लीगल इमिग्रंट’ काढून टाकलं. सरकारी भाषेतही ओढाताण चालू आहे : कायद्यातला जुना ‘एलियन’, म्हणजे परका माणूस, २०२१ मध्ये बायडन सरकारनं बाजूला ठेवायला सांगितला, २०२५ मध्ये तो परत आला.

मराठीत मात्र हा आक्षेप तितका लागू होत नाही, आणि त्याचं कारण व्याकरणात आहे. ‘बेकायदा’ विशेषणही आहे आणि क्रियाविशेषणही. ‘तो बेकायदा राहतो’ हे सरळ मराठी वाक्य. ‘स्थलांतरित’ म्हणजे मुळात स्थलांतर केलेला. त्यामुळे ‘बेकायदा स्थलांतरित’ ऐकताना आपल्या कानाला ‘बेकायदा रीतीनं स्थलांतर केलेला’ असंच लागतं. बेकायदेपणा कृतीला चिकटतो, माणसाला नाही. पटत नसेल तर ‘बेकायदा माणूस’ म्हणून बघा, जीभ अडखळते. म्हणजे इंग्रजीनं जे भांडून मिळवलं ते आपल्याकडे आयतंच आहे. ते तसंच वापरावं. इंग्रजीत वाद झाला म्हणून मराठीतही शब्द बदलायची गरज मला दिसत नाही.

‘अनडॉक्युमेंटेड’चं भाषांतर म्हणून ‘कागदपत्रे नसलेले’ असं काही जण लिहितात. स्पॅनिशमध्ये ‘सिन पापेलेस’ म्हणतातच. पण मराठीत त्यातून कागद घरी विसरल्यासारखं वाटतं. आणि ते नेहमी खरंही नसतं : अमेरिकेत विनापरवाना राहणाऱ्यांतले कितीतरी लोक रीतसर व्हिसा घेऊन विमानानं आलेले आणि मुदत संपल्यावर मागे राहिलेले असतात. कागद असतात, तारीख गेलेली असते. कायदाही दोघांना सारखा मोजत नाही. नाका चुकवून पहिल्यांदा शिरणं हा सहा महिन्यांपर्यंत कैदेचा किरकोळ फौजदारी गुन्हा, तर मुदतीनंतर राहणं ही साधारणपणे दिवाणी बाब. मायदेशी रवानगी दोघांचीही होऊ शकते.

लोकलच्या भाषेत सांगायचं तर एक जण विनातिकीट चढला, आणि दुसऱ्याचं तिकीट ठाण्यापर्यंत होतं पण तो कल्याणला निघाला. हा ‘विनातिकीट’ मला फार उपयोगी वाटतो. त्यात द्वेष नाही आणि लपवाछपवीही नाही. टीसीनं पकडलं तर दंड होणार हे त्या शब्दातच आहे, पण डब्यात दरोडा पडला असं कुणाला वाटत नाही. त्याच घडणीचा ‘विनापरवाना’ आपल्याकडे तयार आहे. ‘विनापरवाना प्रवेश’ आणि ‘विनापरवाना वास्तव्य’ : दोन्ही प्रकार वेगळे राहतात आणि मुलांना दोन्ही बाजूंनी बोलता येतं.

आपण स्वतः काय करतो तेही सांगतो. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यांत बहुतेक पंजाब, हरियाणा, गुजरातचे होते आणि तिघे महाराष्ट्रातले. त्या दिवसांत मी जे मथळे वाचले त्यांत ‘बेकायदा स्थलांतरित भारतीय’ होते, ‘अवैध मार्गाने गेलेले’ होते. एजंटनं फसवलेलेही होते. ‘भारतीय घुसखोर’ मला एकदाही दिसले नाहीत. आपला माणूस जातो, दुसऱ्याचा घुसतो.

आता तुमच्या पत्रकातला मला खटकलेला खरा शब्द : ‘आणि’. तुम्ही तो विचारला नाहीत, पण घुसखोरीपेक्षा जास्त काम तो करतोय. स्थलांतर ‘आणि’ अंमली पदार्थ एका दमात म्हटलं की नदी पोहणाऱ्याच्या पाठीवर फेंटानिल या जहाल अंमली पदार्थाची पिशवी आहे असं चित्र तयार होतं. अमेरिकी सरकारच्याच आकड्यांनुसार पकडलेल्या फेंटानिलचा बहुतांश भाग अधिकृत नाक्यांवर, गाड्यांमध्ये लपवलेला सापडतो आणि त्यासाठी शिक्षा झालेल्यांत बहुसंख्य अमेरिकी नागरिक असतात. समोरची बाजू म्हणेल, जे पकडलंच नाही ते कुठे मोजलंय? रास्त मुद्दा आहे, मुलांना तो मांडू द्या. पण ‘आणि’नं तो आधीच गिळू नये. या दोन गोष्टी जिथं खरोखर भेटल्या, तिथं त्या उलट्या दिशेनं भेटल्या आहेत. ऑगस्ट २०१० मध्ये मेक्सिकोच्या तामाउलिपास राज्यातल्या सान फर्नांदोजवळ सेटास टोळीनं ७२ स्थलांतरितांना ठार मारलं. मेलेले लोक उत्तरेकडे निघालेले गरीब होते. त्याच वर्षी सीमेवरच्या मेक्सिकन शहरात, सिउदाद ह्वारेसमध्ये, तीन हजारांवर खून झाले आणि पूल ओलांडून पलीकडच्या, टेक्सासमधल्या एल पासोमध्ये ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

या टोळ्यांना ‘कार्टेल’ म्हणतात, तो शब्दही मजेदार आहे. मूळ इटालियन ‘कार्तेल्लो’, आणि त्याच्या मागे ‘कार्ता’, म्हणजे कागद. आधी लेखी आव्हान किंवा शत्रूशी केलेला लेखी करार, मग भाव ठरवून घेणाऱ्या कंपन्यांचं संगनमत. सिमेंट कंपन्यांच्या संदर्भात आपल्याकडे आला तो हाच अर्थ. मेक्सिकोतल्या टोळ्या मात्र भाव ठरवून गुण्यागोविंदानं राहत नाहीत, एकमेकांची मुंडकी उडवतात. तरी नाव चिकटलं ते चिकटलं. म्हणजे ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांना लुटणाऱ्यांच्या नावातच कागद आहे. मराठीत ‘टोळी’ पुरेशी आहे.

त्या टोळ्यांची बोली तर मुंबईकराला शिकवावी लागणार नाही. ‘देरेचो दे पीसो’, शब्दशः जागेचा हक्क : दुकान चालवायचं तर टोळीला द्यायचे पैसे. आपला हप्ता. ‘लेवांतोन’ हे ‘उचलणे’ या क्रियापदापासून, आणि अर्थ अपहरण; आपणही ‘त्याला उचलला’ म्हणतोच. पैसे घेऊन सीमा पार करून देणारा ‘कोयोते’, म्हणजे मेक्सिकोतला कोल्ह्याच्या जातीचा जंगली प्राणी. दुसरं नाव ‘पोयेरो’, कोंबड्यावाला. गिऱ्हाइकं अर्थातच कोंबड्या. याच्या धंद्याला सरसकट ‘मानवी तस्करी’ म्हणू नका. राजीखुशीनं पैसे देऊन सीमा ओलांडणं वेगळं आणि फसवून माणसं विकणं वेगळं. संयुक्त राष्ट्रांनी २००० साली त्यासाठी दोन स्वतंत्र करार केले. मराठीत पहिल्याला ‘चोरटी वाहतूक’ आणि दुसऱ्याला ‘मानवी व्यापार’ म्हटलं तर भागतं.

आता तुमचं टिंब. मूळ अरबी ‘अमल’, म्हणजे काम, कृती. फारसीतून येता येता त्याचा अर्थ कारभार, सत्ता असा झाला आणि नशा असाही. ‘मामला’ आणि ‘मामलेदार’ याच धातूचे. मराठीनं त्यावर अनुस्वार चढवून ‘अंमल’ केला आणि दोन्ही अर्थ ठेवून घेतले : इंग्रजांचा अंमल दीडशे वर्षं राहिला, भांगेचा रात्रभर. छापील मराठीत ‘अमली’ आणि ‘अंमली’ दोन्ही दिसतात. मी अनुस्वार ठेवतो, कारण ‘अंमलदार’ आणि ‘अंमलबजावणी’वर आपण तो ठेवतोच, मग एकाच घरातल्या एकाच लेकरावर अन्याय का? ड्रग एन्फोर्समेंट अॅडमिनिस्ट्रेशन या खात्याचं नाव मराठीत करून बघा : अंमली पदार्थ अंमलबजावणी प्रशासन. पकडणारा आणि पकडला जाणारा, दोघं एकाच शब्दाची मुलं. आणि ज्या गावांत पोलिसांच्या आधी टोळीला विचारावं लागतं, तिथं अंमल कोणाचा, हा प्रश्न दोन्ही अर्थांनी विचारता येतो.

तेव्हा ताई, पत्रकावर एका विषयाऐवजी दोन लिहा. पहिला, ‘अमेरिकेत विनापरवाना आलेल्यांना राहू द्यावे का?’ दुसरा, ‘अंमली पदार्थांच्या टोळ्यांना सीमेवर रोखता येईल का?’ घुसखोर हा शब्द मुलांना बोलताना वापरू द्या, वापरला तर समोरच्या मुलानं त्यातला खोर पकडावा. टिंब ठेवा.