शब्दशंका : 'क्रीक' म्हणजे खाडी की ओढा?

प्रश्न : मुलीच्या पुस्तकातील अमेरिकन कथेत मुले डोंगरातील 'क्रीक' दगडांवर पाय देत ओलांडतात. कोशात मात्र 'खाडी' असा अर्थ दिला आहे. तिला कोणता सांगावा?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : या कथेपुरता 'ओढा' हाच अर्थ सांगावा. ब्रिटनमध्ये भरतीचे पाणी जमिनीत आत शिरते त्या चिंचोळ्या भागाला क्रीक म्हणतात, आणि 'ठाणे क्रीक' म्हणजे ठाण्याची खाडी, हा आपल्या परिचयाचा वापर त्याच अर्थाचा आहे. अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलियात मात्र समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेला, नदीहून लहान असा कोणताही प्रवाह क्रीक ठरतो; ऑस्ट्रेलियात तर तो उन्हाळ्यात कोरडा पडला तरी नाव तेच राहते. अमेरिकेच्या काही भागांत उच्चारही 'क्रिक' असा आखूड होतो.

आपल्या तालुक्यातील कणकुंबीजवळचा कळसा नाला अमेरिकन माणसाने पाहिला, तर तो त्याला बेलाशक क्रीक म्हणेल. इंग्लंडचा पाहुणा बहुधा 'स्ट्रीम' किंवा 'ब्रुक' म्हणेल आणि स्कॉटलंडचा असल्यास 'बर्न'. हा नाला ज्या म्हादई नदीला मिळतो, तिच्या पाण्यावरून कर्नाटक व गोव्यात असलेल्या वादाविषयीच्या इंग्रजी बातम्यांत 'नाला' हा शब्द तसाच ठेवतात, हे आम्हाला अधिक शहाणपणाचे वाटते.

'ब्रुक' क्रियापद म्हणून आल्यास मात्र पाण्याशी संबंध उरत नाही. तेव्हा त्याचा अर्थ 'खपवून घेणे' असा होतो आणि तोही बहुधा नकारार्थी वाक्यातच. 'अप द क्रीक' म्हणजे पुरते अडचणीत सापडणे. हा प्रयोग बोलीतला असल्याने निबंधात टाळावा.