टाळ आधी भिडतात, नाद नंतर येतो : घरगुती व्हिडिओ संकलनासंबंधी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गावच्या सप्ताहातील काल्याचे कीर्तन मी फोनवर चित्रित केले. चाळीस मिनिटांची ही फाइल फोनवर व्यवस्थित चालते. संगणकावर संकलनासाठी घेतली की सुरुवातीला सर्व ठीक वाटते, पण पुढे पुढे आवाज चित्राच्या मागे पडत जातो आणि अखेरीस बुवांचे ओठ मिटल्यावर शब्द ऐकू येतात. कोडेक (चित्र-आवाज आक्रसून साठवण्याची पद्धत) चुकीचा असावा असे समजून फाइल निरनिराळ्या कनव्हर्टरमधून काढून पाहिली, तरी फरक पडला नाही. — एक वाचक, कराड

उत्तर : आपल्या फाइलचा कोडेक बहुधा निर्दोष आहे. अशा तक्रारीत प्रथम एक गोष्ट पाहावी : आवाज आणि चित्र यांतील अंतर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखेच आहे, की वाढत जाते? सारखेच असेल तर टाइमलाइनवर आवाजाची पट्टी थोडी सरकवली की काम होते. ते वाढत असेल, तर दोष फ्रेमच्या, म्हणजे सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या स्थिर चित्रांच्या, गतीत असतो.

फोनचा कॅमेरा सेकंदाला ठरावीक फ्रेम टिपतोच असे नाही. मंडपातला उजेड कमी झाला किंवा फोन तापला की तो गती कमी करतो, आणि प्रत्येक फ्रेम नेमकी कोणत्या क्षणी दाखवायची याची नोंद फाइलमध्ये ठेवतो. फोनवरचा प्लेअर ती नोंद पाळतो, म्हणून तेथे काहीच बिघडलेले दिसत नाही. संकलनाची काही सॉफ्टवेअर मात्र ही नोंद बाजूला ठेवून ‘सेकंदाला ३० फ्रेम’ असे सरसकट गृहीत धरतात. प्रत्यक्ष सरासरी २९.९ असेल तर चाळीस मिनिटांत ७१,७६० फ्रेम भरतात. त्याच फ्रेम ३० च्या गतीने चालवल्या की २,३९२ सेकंदांत संपतात. आवाज मात्र पूर्ण २,४०० सेकंदांचाच असतो. सेकंदामागे एका फ्रेमच्या दहाव्या भागाची तफावत शेवटी अशी आठ सेकंदांवर जाते.

खात्री करण्यासाठी मीडियाइन्फो हे विनामूल्य सॉफ्टवेअर उतरवून घ्यावे, फाइल त्यात उघडावी आणि ‘फ्रेम रेट मोड’ ही ओळ वाचावी. तेथे ‘व्हेरिएबल’ असे दिसल्यास निदान पक्के झाले. आपल्या कनव्हर्टरनी बहुधा तीच बदलती गती पुढे नेली, त्यामुळे मूळ दोष तसाच राहिला आणि प्रत्येक फेरीत चित्राचा दर्जा मात्र थोडा थोडा घसरला. म्हणून त्या सर्व प्रती बाजूला ठेवाव्यात आणि फोनमधील मूळ फाइलच पुन्हा हाताशी घ्यावी, असा माझा आग्रह आहे. ती फोनवरून केबलने घ्यावी. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवल्यास तो वाटेत पुन्हा आक्रसला जातो.

ही मूळ फाइल हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून व्हिडिओच्या विभागात फ्रेमची गती ३० निवडावी आणि तिच्याजवळचा ‘कॉन्स्टंट’ हा पर्याय आवर्जून निवडावा. दर्जाचा आकडा १८ च्या आसपास ठेवावा. हा आकडा जितका लहान, तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. आवाज ४८ किलोहर्ट्झवर ठेवावा. या एकाच रूपांतरानंतर मिळालेली फाइल संकलनास घ्यावी. आवाजाची पट्टी दाबून किंवा ताणून मेळ बसवण्याचा सल्ला अनेकजण देतात, तो मला पटत नाही. गती कीर्तनभर एकसारख्या प्रमाणात बदललेली नसते, त्यामुळे दोन टोके जुळली तरी मधला भाग चुकलेलाच राहतो.

पडताळणीचे उत्तम साधन आपल्या चित्रीकरणातच आहे. सुरुवातीचा, मधला आणि शेवटच्या गजरातला असे तीन तुकडे निवडावेत, एखाद्या टाळकऱ्याचे टाळ भिडतात त्या फ्रेमवर थांबावे आणि आवाजाच्या आलेखातील उंच सुळका त्याच ठिकाणी आहे का ते पाहावे. तिन्ही ठिकाणी सुळका जागेवर असेल तर निर्धास्तपणे संकलन सुरू करावे.

प्रश्न : आमच्या २००५ सालच्या लग्नाच्या डीव्हीडीतील व्हीओबी फाइल मी नाव बदलून एमपी४ केल्या, त्या एडिटरमध्ये उघडत नाहीत. एका दुकानातून त्याच डीव्हीडीची फुल एचडी प्रत करून घेतली, तर वरातीतील नाचात प्रत्येकाच्या हातापायांच्या कडांना आडव्या रेघा दिसतात आणि सर्वांचे चेहरे निमुळते वाटतात. — एक वाचक, सांगली

उत्तर : एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, व्हीओबी हे सारे डबे आहेत आणि कोडेक हा आतला जिन्नस; लेबल बदलल्याने जिन्नस बदलत नाही. आपल्या डब्यात एमपेग-२ पद्धतीचे चित्र आहे आणि ते तसेच राहिले.

रेघांचे कारण जुने आहे. आपल्याकडील ‘पाल’ या टीव्ही-चित्राच्या पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असत, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची बनलेली असे : एकात विषम क्रमांकाच्या ओळी, दुसऱ्यात सम. या दोन अर्धचित्रांमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे अंतर असते. तेवढ्यात नाचणाऱ्याचा हात पुढे गेलेला असतो, आणि दोन्ही अर्धी चित्रे एकत्र दाखवली की कडेला कंगव्याचे दाते उमटतात. जुन्या टीव्हीवर ती एकामागोमाग दिसत, म्हणून तेव्हा हे कधी जाणवले नाही. दुकानात दाते काढण्याआधीच चित्र मोठे केले गेले असावे. तसे झाले की सम-विषम ओळी एकमेकींत मिसळतात आणि नंतर त्या नीट वेगळ्या करता येत नाहीत. ती प्रत सुधारण्यात वेळ घालवू नये.

मूळ डीव्हीडीकडेच परत जावे, आणि तेही लवकर. घरी लिहिलेल्या तबकड्यांमधील रंगद्रव्य कालांतराने क्षीण होते. प्रथम ‘व्हिडिओ_टीएस’ हे संपूर्ण फोल्डर हार्डडिस्कवर उतरवून ठेवावे. व्हीओबीचे सुमारे एक-एक जीबीचे तुकडे सुटे सुटे जोडू नयेत, कारण त्यांचा क्रम आणि प्रकरणे यांची माहिती शेजारच्या आयएफओ फाइलमध्ये असते. हँडब्रेकला पूर्ण फोल्डरच दाखवावे. फिल्टरच्या विभागात ‘डीइंटरलेस’साठी (म्हणजे दाते काढण्यासाठी) ‘यादिफ’ आणि त्यात ‘बॉब’ निवडावे, म्हणजे प्रत्येक अर्धचित्राची एक पूर्ण फ्रेम होऊन सेकंदाला ५० फ्रेम मिळतात आणि नाचातील ओघ टिकतो. चेहऱ्यांचे म्हणाल, तर ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे हे चित्र ४:३ प्रमाणात, म्हणजे सुमारे ७६८ बाय ५७६ इतके रुंद दाखवायचे असते. प्रकल्पात ते प्रमाण पाळावे आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्यावेत. पडदा भरण्यासाठी चित्र ताणलेले मला आवडत नाही. त्यात माणसे बेढब होतात.

प्रश्न : मुलीने आयफोनवर काढून पाठवलेले व्हिडिओ व्हीएलसी या प्लेअरवर दिसतात, पण माझ्या जुन्या संगणकावरील एडिटरमध्ये केवळ आवाज येतो. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : व्हीएलसी आपले डीकोडर (कोडेक उलगडून चित्र दाखवणारे भाग) स्वतःबरोबर घेऊन येतो, तर अनेक एडिटर विंडोजमधील डीकोडरवर विसंबून असतात. २०१७ मधील आयओएस ११ या प्रणालीपासून नवे आयफोन एचईव्हीसी हा कोडेक वापरतात आणि तो आपल्या विंडोजमध्ये नसावा. सध्याच्या फाइल हँडब्रेकमधून एच.२६४ या जुन्या, बहुतेक ठिकाणी चालणाऱ्या कोडेकमध्ये आणाव्यात. मुलीला कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘फॉरमॅट्स’ येथे ‘मोस्ट कॉम्पॅटिबल’ निवडण्यास सांगावे, म्हणजे पुढील चित्रीकरण थेट एच.२६४ मध्ये होईल. फाइल उघडूनही अडखळत असेल, तर केडीएनलाइव्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमधील ‘प्रॉक्सी’ची सोय वापरावी, संकलन हलक्या प्रतीवर होते आणि अंतिम फाइल मूळ चित्रातूनच तयार होते.

प्रश्न : तयार झालेली सहा जीबीची फाइल टीव्हीसाठी पेनड्राइव्हवर घेता येत नाही, जागा मात्र भरपूर आहे. — एक वाचक, नाशिक

उत्तर : पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, त्या पद्धतीत एक फाइल चार जीबीहून मोठी ठेवता येत नाही. आतील मजकूर इतरत्र हलवून तो एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट करावा. आपला टीव्ही एक्सफॅट वाचत नसेल, तर चित्रपट मध्यंतराशी तोडून दोन फाइल कराव्यात. लॉसलेसकट या सॉफ्टवेअरमध्ये हे पुन्हा एन्कोड न करता होते, फक्त तोड जवळच्या कीफ्रेमवर (मधूनमधून पूर्ण साठवलेल्या फ्रेमवर) पडते.