‘असली गाणी आमच्या मुलानं लिहिली?’

लहान वयात ज्यांचं भरभरून कौतुक झालं, अशा मुलांचे आईवडील माझ्याकडे समुपदेशनाला येतात ते बहुधा मूल सोळा-सतराचं झाल्यावर. स्पर्धेत दरवर्षी पहिली येणारी मुलगी आता कागदावर नुसता काळा रंग फासते, गीतेचे अध्याय पाठ म्हणणारा मुलगा जेवायलासुद्धा खोलीबाहेर येत नाही. तक्रार फिरून एकच असते, ‘आमचं मूल असं नव्हतं हो.’

आज ज्याच्याबद्दल लिहितेय तो मुलगा गायक आहे. इंदूरच्या मराठी मंडळांना तो चांगला माहीत आहे, म्हणून नाव देत नाही, मोहल्लाही सांगत नाही आणि काही तपशील बदलले आहेत. त्याची आणि घरच्यांची परवानगी आहे. गाण्याच्या ओळी तर त्यानं स्वतः वाचून, एक मात्रा दुरुस्त करून दिल्या.

आधी आई एकटीच आली. फोनमध्ये मुलाच्या वहीचे फोटो होते, चोरून काढलेले. ‘मॅडम, हे असं लिहून राहिलाय तो. अल्बम काढायचा म्हणतो. असली गाणी आमच्या मुलानं लिहिली?’ फोटो मोठा करून तिनं माझ्यापुढे धरला. निळ्या पेनानं, खाडाखोड करत लिहिलेलं होतं:

वो बच्चा मर चुका है,
पोस्टर वही रहने दो।
छत पे धुआँ लिखता हूँ,
नीचे अभंग कहने दो।

‘मर’ या अक्षरांवर तिचं बोट थांबलं होतं. ‘धुआँ’कडे तिचं लक्षही गेलं नव्हतं.

हा मुलगा आठव्या वर्षापासून अभंग आणि नाट्यगीतं गातो. गणपतीत एका संध्याकाळी तीन-तीन मंडपांत कार्यक्रम, फलकावर ‘बाल गायक’, धोतर आणि जरीचं उपरणं. एका टीव्ही स्पर्धेतही पुढपर्यंत गेला होता. मग चौदाव्या वर्षी आवाज फुटला. या वयात मुलींचा आवाज उतरतो तो दोन-तीन सुरांनी, मुलग्यांचा मात्र जवळजवळ सप्तकभर खाली जातो. स्वरतंतू लांब होतात, जाड होतात आणि गळ्यावरचा ताबा परत यायला कित्येक महिने जातात. काळी पाचच्या उंच पट्टीत सहज तार षड्जाला, वरच्या ‘सा’ला, भिडणारा मुलगा काळी एकच्या खालच्या पट्टीत आला, तोही चिरकत. एका आयोजकानं त्याच्यासमोरच वडिलांना विचारलं, ‘धाकटा कोणी गातो का हो तुमच्याकडे?’ हे मला मुलानं सांगितलं, वडिलांना ते आठवतही नव्हतं. पुढे दोन वर्षं त्याला कोणी बोलावलं नाही आणि घरात त्या विषयावर कोणी अवाक्षर काढलं नाही. बारावी आली, भंवरकुआंच्या कोचिंगची फी भरली, गाणं ‘सध्या बंद’ ठरलं. तो मात्र कोचिंग बुडवून विजयनगरच्या एका छोट्या स्टुडिओत जात होता.

आईला मी सांगितलं की वहीचे फोटो काढलेत हे त्याला आजच सांगा. उद्या त्याला दुसरीकडून कळलं तर तो माझ्यासमोरही तोंड उघडणार नाही. तिनं सांगितलं. घरात आदळआपट झाली, आणि तरीही तो आला. रागावलेला का होईना, आला. हे मी चांगलं लक्षण धरते.

सुरुवातीलाच त्याला नियम सांगितला. तू जे बोलशील ते माझ्यापाशी राहील. फक्त तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मला घरी सांगावं लागेल, आणि तेही तुला सांगूनच. मग सरळ विचारलं, ‘मरून जावं असं वाटतं का?’ असं विचारल्यानं मुलांच्या डोक्यात नसलेला विचार शिरेल अशी भीती पालकांना असते. तसं होत नाही, उलट कोणीतरी विचारलं याचा मुलांना बहुतेकदा सुटकाराच वाटतो. तो हसला. ‘मॅम, वो बच्चा म्हणजे पोस्टरवरचा. धोतरवाला. तो मेला ना? पण घरात सगळे त्याचीच वाट बघतात.’

उत्तर पटण्यासारखं होतं. पण नुसत्या पटण्यावर मी थांबत नाही. झोप कशी आहे, जेवण कमी झालंय का, मित्र सुटलेत का, आवडीच्या वस्तू वाटून टाकल्यास का, कधी काही ठरवलं होतंस का, हे सगळं विचारलं. झोप उशिराची होती, बाकी ठीक. मित्र होते, मैफल जमत होती, पुढच्या महिन्याचे बेत होते. ज्याच्या वहीत असा मजकूर सापडतो आणि ज्याची झोप, भूक, मित्र हे सगळंच एकदम आटलंय, त्या मुलाला घेऊन मात्र अर्थाचा काथ्याकूट करत बसू नका. डॉक्टरांकडे जा, आणि रात्री-अपरात्री कोणी नसेल तर 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करा. सरकारी सेवा आहे, फुकट आहे आणि हिंदी-मराठीत बोलता येतं.

धूर मात्र खरा होता. मित्रांबरोबर गच्चीवर काही वेळा सिगरेट ओढली होती. अठराच्या खाली ती विकणं कायद्यानं बंद आहे, हे त्याला माहीत होतं आणि मलाही माहीत आहे की पानवाले वय विचारत नाहीत. मी त्याला गळ्याबद्दल बोललेच नाही. गाणाऱ्या मुलाला धुरानं गळा जातो हे आपण काय सांगायचं? एवढंच म्हटलं की हे घरी कळणारच आहे, कुणाच्या तोंडून कळायला हवं ते तू ठरव.

मग अल्बमकडे आलो. सात गाणी. मी म्हटलं, ऐकव. त्यानं मोबाईलवर कच्चं रेकॉर्डिंग लावलं. पाच गाणी संथ, गिटार आणि मागे तानपुरा, शब्द चटका लावणारे, कुठे कुठे बाळबोध. उरलेली दोन ऐकताना तो खिडकीबाहेर बघत होता. दारू, गाडी, ‘बेबी’, मधे एका मुलीचा हसण्याचा आवाज. ‘ही तुझी?’ विचारलं. ‘नाही. म्युझिक लेबलवाल्या सरांनी दिली. ते म्हणाले, बाल गायकाचा शिक्का पुसायचा तर लोकांना एक शॉक द्यावा लागतो. मायलीनं दिला तसा.’

अमेरिकन गायिका मायली सायरसचा हा दाखला असल्या लोकांच्या जिभेवरच असतो. 2006 पासून डिस्नेच्या मालिकेतली शाळकरी मुलगी म्हणून ती घराघरांत पोचली होती. 2010 मध्ये, सतराव्या वर्षी, ‘आता मी लहान नाही’ असं बजावणारा अल्बम तिनं काढला, तेव्हा गाण्यांपेक्षा कपड्यांची चर्चा जास्त झाली. गायक जस्टिन बीबरचा आवाज तर ऐन प्रसिद्धीत फुटला. गाजलेलं गाणं खालच्या पट्टीत म्हणावं लागलं आणि 2012 मध्ये, अठराव्या वर्षी, मोठ्या आवाजातला अल्बम आला. हे सगळं त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं. मी त्याला अमेरिकन गायक स्टीव्ही वंडरबद्दल सांगितलं. नावामागे ‘लिटल’ लावून कंपनीनं त्याला पुढे आणला, 1963 मध्ये तेराव्या वर्षी त्याचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. 1971 मध्ये एकवीस पूर्ण झाल्यावर त्यानं त्याच कंपनीशी नव्यानं बोलणी केली आणि आपल्या संगीतावर आपला ताबा मागून घेतला. पुढची त्याची मोठी कामं त्यानंतरची आहेत. ‘म्हणजे त्यानं शॉक नाही दिला?’ ‘दिला असेल. पण काय गायचं ते त्यानं ठरवलं.’

इथे मला जरा स्पष्टच बोलायचंय. आईवडील घाबरले होते ते त्या पाच गाण्यांना, कारण त्यांत मरण होतं, एकटेपण होतं आणि अभंगाचा उल्लेख होता. त्या दोन गाण्यांबद्दल वडिलांचं मत होतं, ‘ती ठीक आहेत, आजकाल तसलंच चालतं.’ लेबलच्या करारावर पालक म्हणून सही करायला ते तयारही झाले होते. अट एकच, ‘ती रडकी गाणी काढून टाका.’ माझ्या मते नेमकं उलटं होतं. पाच गाण्यांत मुलगा मोठा होत होता, दोन गाण्यांत त्याला मोठ्यांचे कपडे चढवले जात होते, आणि उपरणंही कधीकाळी त्याला असंच कोणीतरी चढवलं होतं. मुलाची गाणी, चित्रं, कपडे, केस बघून पोटात गोळा आला की ‘हे शोभतं का’ याच्या आधी ‘हे कुणी ठरवलं’ एवढं विचारावं.

वडील बँकेत आहेत, कागदाला मानतात. त्यांना मी कागदाच्याच वाटेनं नेलं. भारतात अठराच्या आतल्या मुलाचा करार कायद्यानं टिकत नाही, म्हणून लेबलला पालकाची सही हवी असते. मुलाला अठरा पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले होते, मग घाई कुणाला होती आणि का? गीत आणि चाल त्याची, त्यामुळे पहिला हक्कही त्याचा. शिवाय 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सहजासहजी लिहून घेता येत नाही. चांगला वकील गाठा, म्हटलं, मी वकील नाही. ‘तुम्ही समुपदेशनाला बोलावलं की करार वाचायला?’ असं ते वैतागून म्हणाले खरे, पण कागद वकिलाकडे गेला.

त्यानंतरच्या बैठकीला तिघेही होते. आधी मुलानं सिगरेटचं सांगितलं. वडील उठून उभे राहिले, आईनं त्यांची बाही ओढली, ते बसले. बराच वेळ कोणी बोललं नाही आणि मीही ती शांतता भरून काढली नाही. नंतर मी दोघांना हेडफोन दिले. पाचही गाणी सलग ऐकायची, मधे बोलायचं नाही, संपल्यावर न आवडलेलं नंतर, आधी एक जागा सांगायची जिथे कान थांबला.

तिसऱ्या गाण्यात वडिलांची बोटं गुडघ्यावर ठेका धरू लागली. गाणी संपल्यावर ते मला नाही, मुलाला म्हणाले, ‘दुसऱ्या अंतऱ्यात समेवर येत नाहीस. चुकतोयस की मुद्दाम?’ ‘मुद्दाम.’ ‘मग दोनदा कर. एकदा केलं की चूक वाटते.’ आवाज फुटल्यापासून या दोघांमधलं गाण्यावरचं हे पहिलं बोलणं. आई म्हणाली, ‘मला तो तानपुरा आवडला. काळी एकचाच ना?’

मग वडिलांनी आपणहून कुमारजींचा, म्हणजे गायक कुमार गंधर्वांचा, विषय काढला. इंदूरच्या घरात तो निघतोच, देवास ते काय लांब आहे! दहा-बारा वर्षांचा मुलगा मोठमोठ्या गायकांच्या रेकॉर्डी हुबेहूब गाऊन दाखवायचा आणि लोक तोंडात बोटं घालायचे. 1948 मध्ये क्षयानं आजारी होऊन तो देवासला आला, पाच-सहा वर्षं गाणं बंद राहिलं, कानावर माळव्याची लोकगीतं पडत राहिली, आणि पुढे जे गाणं आलं ते कुणाचीच नक्कल नव्हतं. जुन्या वळणाच्या पुष्कळांना ते रुचलं नाही. वडील बोलत होते, मुलगा ऐकत होता. मी मधेच टोकलं की घरोघरी कुमार गंधर्व निपजत नाहीत आणि याच्यावर आता ते नवं ओझं टाकू नका. ‘तसं नाही हो,’ वडील म्हणाले, ‘मला एवढंच म्हणायचंय की त्या नकलांचे पोस्टर कुणी जपून ठेवले नाहीत.’ मुलानं मान वर करून बघितलं. ती ओळ वडिलांनी वाचली होती हे त्याला तेव्हाच कळलं.

लेबलनं ती दोन गाणी वगळायला नकार दिला, म्हणून करार बारगळला. मुलगा दोन दिवस रुसला, मग अठरा झाल्यावर पाच गाणी आपणच टाकायची असं त्यानं ठरवलं. कोचिंग पुन्हा सुरू आहे, आठवड्यातले दोन दिवस स्टुडिओ उघडपणे. सिगरेट सुटली असं तो म्हणतो. आईचा विश्वास नाही, माझा निम्मा आहे. ‘मर चुका है’ ही ओळ बदल म्हणून तिनं त्याला स्वतः सांगितलं, त्यानं ऐकून घेतलं आणि बदलली नाही. अल्बम बारावीच्या परीक्षेआधी की नंतर, यावर बापलेकाचं अजून जमलेलं नाही. पुढची भेट त्याचसाठी ठेवली आहे.