घरी कैकाडी, शाळा मराठी: भाषा-नोंदणीच्या प्रशिक्षणाला जाऊ का?

तुम्ही निपाणीचे, आजी कैकाडी बोलते, आणि विचारताय की अमेरिकेतल्या कोलँगसारख्या, बोलली जाणारी भाषा टिपून जपायला शिकवणाऱ्या प्रशिक्षणाला जावं का, तयारी काय करावी.

जा, पण हात हलवत जाऊ नका. कोलँगमध्ये (२००८ साली सांता बार्बराला सुरू झालं तेव्हा नाव इनफिल्ड होतं) दोन आठवडे कार्यशाळा असतात, मग भाषकांसोबत बसून प्रत्यक्ष काम. तंत्र तिथे मिळेल, आजीचा आवाज इथूनच न्यावा लागेल.

अर्धा तास रेकॉर्ड करा. एमपीथ्री नको, डब्ल्यूएव्ही, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. स्टिरिओला तासाला साधारण १ जीबी लागते. पंखा बंद. माईक तोंडापासून वीतभर, जरा बाजूला. आजी टोपली विणत असेल तर कॉलरचा माईक लावू नका, कामटी पदराला घासते आणि नेमका शब्द बुडतो. 'हिला काय म्हणता?' असं मराठीतून विचारलंत तर पाहुण्याला सांगतात तसा एकच शब्द मिळेल. नातीला शेजारी विणायला बसवा. काठ कसा वळवायचा, कामटी किती भिजवायची यावर आजी तिला रागवेल, तीच खरी भाषा. संमतीही आजीच्याच भाषेत, आधीच रेकॉर्ड करा. काय नेटवर टाकायचं नाही तेही विचारा. मग ईलानमध्ये (आवाजाखाली मजकूर लिहायचं सॉफ्टवेअर) वाक्यं कापा, एका ओळीत उच्चार, खाली अर्थ. दहा मिनिटांच्या आवाजाला अख्खा दिवस जातो, म्हणून अर्धाच तास म्हटलं.

लिपीवरून इथे माझे अनेकांशी वाद झालेत. देवनागरीच हवी म्हणणाऱ्यांनी ऐकावं: कैकाडी द्राविड कुळातली, तमिळजवळची. या कुळात ऱ्हस्व आणि दीर्घ ए वेगळे. कानडीत 'कॆरॆ' म्हणजे तळं, 'केरॆ' म्हणजे धामण. आपण दोन्ही सारखंच लिहितो. देवनागरी वापराच, मुलांना तीच वाचता येते, पण ऱ्हस्वाला ऎ, ऒ ही अक्षरं घ्या. आणि कानडी लिपीत हा फरक आयता आहे म्हणून भाषा कानडीची होत नाही. १९५६ पासून इथे दोनच भाषांचं भांडण चाललंय, त्यात कैकाडीला कुणी विचारलंच नाही. अर्जात 'मराठीची बोली' लिहू नका.

खर्च झेपत नसेल तर आधी म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानात चौकशी करा, बेळगावहून एका रात्रीचा प्रवास आहे. रेकॉर्डिंग मात्र त्यासाठी थांबवू नका.