वाळवंटातला विषारी सरडा परभणीच्या उन्हात जगेल का?

प्रश्न: नमस्कार सर, मी सेलूचा, बीएस्सीला आहे. सध्या रोज गिला मॉन्स्टरचे व्हिडिओ बघायलोय. वाळवंटातला जीव, मग आपल्या उन्हात त्याला हीटरसुद्धा लागणार नाही असं वाटायलंय. काचेच्या टाकीत पाळता येईल का? खायला काय घालायचं आणि चावला तर काय? आणि घरचे म्हणतात शेतातली सापसुरळी पण विषारीच, खरं का?

उत्तर: आधी उन्हाचंच बोलू, बरेच जण तिथंच फसतात. गिला मॉन्स्टर अमेरिकेतल्या अॅरिझोना अन् मेक्सिकोकडच्या वाळवंटातला खरा, पण वर्षातला बहुतेक वेळ तो जमिनीखाली बिळात काढतो आणि अंगाचं तापमान ३० डिग्रीच्या आसपास असलं की त्याला बरं वाटतं. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२ च्या वर, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त, त्यात लाईट गेली की काचेची टाकी म्हणजे भट्टीच, बिचारा आत तडफडून मरेल. म्हणजे हीटर सोड, एसी आणि इन्व्हर्टरचा खर्च धर. टाकीत एक कोपरा उबदार, दुसरा गार, अंधारी लपायची जागा, अंग बुडेल एवढं पाण्याचं भांडं आणि कुलूपवालं झाकण हे पाहिजेच. हिवाळ्यात त्याला दोनेक महिने १०-१५ डिग्रीत झोपू द्यावं लागतं, आपल्याकडं डिसेंबरात रात्री गारठा पडतो पण दुपारी परत ३० डिग्री, मग ते जमणार कसं?

खाणं सोपं. रानात तो अंडी अन् घरट्यातली पिल्लं खातो, शेपटीत चरबी साठवतो आणि वर्षाकाठी मोजक्या जेवणांवर भागवतो, त्यामुळं पाळलेल्याला लाडानं रोज घातलं की लठ्ठ होतो. नीट सांभाळला तर २० वर्षांच्या वर जगतो, तू नोकरीला पुण्याला गेलास की घरी कोण बघणार त्याच्याकडं?

चावण्याचं मात्र हलक्यात घेऊ नको. विषाच्या ग्रंथी खालच्या जबड्यात असतात, दातांना खाच असते, आणि तो धरला की सोडत नाही, चावत राहतो. भयंकर दुखतं, उलट्या होतात, बीपी पडतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोत एक जण घरी पाळलेला गिला मॉन्स्टर चावल्यानंतर चार दिवसांनी वारला. याचं विष उतरवणारी लस नाही, आपल्या सरकारी दवाखान्यातली सापाची लस इथं चालत नाही. आणि याच लाळेतल्या एका घटकावरून डायबिटीसचं एक्सेनाटाइड इंजेक्शन तयार झालं, २००५ ला अमेरिकेत मंजूरही झालं, असला मोलाचा जीव आहे हा.

शिवाय सायटिस, म्हणजे वन्यजीवांच्या देशोदेशीच्या व्यापारावर बंधनं घालणारा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या यादीतला प्राणी, परवान्याशिवाय बाहेरून आणता येत नाही, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव कायद्यात अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी सक्तीची आहे. कुणी फोनवर गुपचूप देतो म्हणाला तर तो चोरीचाच माल समज. म्हणून माझं स्पष्ट मत, पाळू नको. त्याऐवजी बांधावरची घोरपड आणायचा विचार तर अजिबात नको, ती याच कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, तीन ते सात वर्षं जेल होऊ शकते.

आणि सापसुरळी बिलकुल विषारी नाही. ती किडे खाते, घरच्यांना सांग, दिसली की ठेचू नका.