प्रभागवार आकडे जुळत नाहीत? आधी हद्द तपासा

खाडीकाठच्या नगरपरिषदेत 'प्रभाग 4' मधल्या नळजोडण्या 2017 पेक्षा 2023 मध्ये कमी दिसतात, हे कारभाराचं अपयश म्हणून प्रबंधात मांडू का, असं तुम्ही विचारलंय. कृपया मांडू नका. मला सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. नळ बहुधा जागेवरच आहेत, हद्द सरकली आहे.

2016 च्या निवडणुकीची प्रभाग रचना वेगळी. 2022 मध्ये नवी आखली, पण निवडणूक लांबली आणि 2025 मध्ये पुन्हा आखणी झाली. म्हणजे 2023 च्या कागदावरचा 4 नेमका कुठल्या रचनेतला? पाणी विभाग जुनी यादी धरून बसलेला असतो, आरोग्य विभाग नवी.

यातून वाट काढतो तो प्रगणक गट, म्हणजे जनगणनेत एका प्रगणकाला मोजायला दिलेला वस्तीचा तुकडा. 2011 च्या जनगणनेत साधारण 600 ते 650 वस्तीचा एक गट होता आणि प्रभाग अशाच गटांची बेरीज करून आखतात. प्रत्येक रचनेची अंतिम अधिसूचना, नकाशा आणि प्रभागनिहाय गटांची यादी मिळवा. एक्सेलमध्ये ओळ गटाची ठेवा, पुढच्या रकान्यांत त्या त्या रचनेतला प्रभाग. गट फोडलेला दिसला तर खूण करा, लोकसंख्या अंदाजाने वाटू नका. नळजोडणी मालमत्ता क्रमांकावरून गटात बसवा. चतुर्वार्षिक कर आकारणीत हे क्रमांक बदलू शकतात, म्हणून जुना आणि नवा दोन्ही उतरवा.

माहिती अधिकारात 'प्रभागवार तक्ता द्यावा' असं लिहू नका. एका कार्यालयाने (नाव घेत नाही) शेवटच्या दिवशी 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' एवढंच कळवलं होतं. नसलेला तक्ता बनवून देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, पण नोंदवही दाखवणं आहे. नोंदवहीचं नाव आणि वर्ष लिहून अभिलेखांची पाहणी मागा. आपल्याकडे अर्ज 150 शब्दांत, एकाच विषयावर लागतो, तेव्हा नकाशा आणि नळनोंदींसाठी वेगळे अर्ज करा. उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांत पहिलं अपील. मी वकील नाही, नियम एकदा तपासून घ्या. पण जाहीर झालेली अधिसूचना मिळवायला अर्ज करावा लागतो, हे मला आजही चुकीचंच वाटतं.

निवडणूक लांबल्याने नगरसेवक नव्हते आणि कारभार प्रशासकाकडे होता, त्या काळातलं सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त मागाल तर 'निरंक' येईल. तिथे प्रशासकीय ठरावांची नोंदवही मागायची.

आणि स्मार्ट सिटीचा साचा इथे जसाच्या तसा लावू नका. 2015 च्या अभियानातल्या 100 शहरांत कोकण विभागातून ठाणे आणि कल्याण-डोंबिवली होती, तिथे कामं वेगळ्या कंपनीमार्फत झाली. आपल्या नगरपरिषदांत तशी कंपनीच नाही.

घरोघरी पाहणी दोनदा करा: एकदा ऑगस्टच्या सुरुवातीला, एकदा मेमध्ये. मेमध्ये चाकरमानी आले की बंद घरं उघडतात आणि त्याच टाकीवर माणसं वाढतात. गणपतीच्या आठवड्यात मात्र कार्यालयात जाऊ नका, टेबलावर कुणी भेटत नाही.